बसून प्यायलेला चहा

कोल्हापुरात कोणी "चहा घेऊन जावा" असे म्हटले, की पुढचा पाऊण तास आपला राहिलेला नाही हे समजून घ्यावे आणि निमूटपणे चपला काढाव्यात. चहा व्हायला दहा मिनिटे लागतात, पण त्याआधी पाण्याचा तांब्या येतो, मूळ गाव कोणते ते विचारले जाते, त्या गावात यजमानांचा कोणी पाहुणा हटकून निघतो, त्या पाहुण्याच्या मुलीचे लग्न कुठे ठरले इथपर्यंत बोलणे जाते आणि मग कपबश्या येतात. "नको, आत्ताच झाला" असे सांगून सुटका होत नाही. "मग दूध घ्या" असे म्हणतात, आणि दूधही नको म्हटले तर "मग जेवूनच जावा" हा शेवटचा डाव टाकला जातो, त्यामुळे जाणता माणूस पहिल्याच फेरीत चहाला हो म्हणून मोकळा होतो. तिखटासाठी आणि तापट बोलण्यासाठी नाव काढलेल्या या गावाला बसायची मात्र कधीच घाई नसते.

अलीकडे संथ जगण्याचे बरेच कौतुक चालते. मोबाइलवर तशा चित्रफिती येतात, त्यांत लाकडी टेबल असते, हाताने घडवलेला जाड मातीचा कप असतो, खिडकीबाहेर पाऊस पडत असतो आणि कपातून वाफ निघत असते. मला त्या पाहायला आवडतात. असा एक कप मी हौसेने घेतलाही आहे, आणि आधी गरम पाण्याने तापवून घेतला नाही तर त्यात चहा पटकन निवतो एवढीच त्याची खोड आहे. पण त्या चित्रफितींत नंतर पातेले कोणी घासले हे कधी दिसत नाही आणि माझी नजर नेमकी तेच शोधत राहते. बँकेतली नोकरी आणि घरचा ओटा यांच्यामध्ये हयात गेलेल्या बाईची नजर तिकडे जाणारच. निवांतपणे चहा-कॉफी पिण्याविषयी लिहायचे ठरवले तेव्हा मनात पहिल्यांदा आले ते हेच, की अशा वेळी बसलेले कोण असते आणि उभे कोण असते.

त्याआधी चहा करण्याबद्दल थोडे सांगायला हवे, कारण निवांतपणाचा निम्मा भाग तिथेच असतो. आमच्या घरी सकाळचा पहिला चहा गुळाचा होतो. साखरेचा चहा कोणत्याही क्रमाने केला तरी चहाच होतो, गुळाचा चहा मात्र क्रम पाळायला लावतो. गुळाला किंचित आंबट अंग असते, त्यात क्षार असतात, आणि उकळत्या दुधात तो पडला की दूध फाटते. म्हणून आधी पाण्याचे आधण ठेवायचे, त्यात चिरलेला गूळ आणि ठेचलेले आले घालून ते चांगले खळखळू द्यायचे, मग चहापूड घालून एक उकळी आणायची, पातेले खाली उतरवायचे आणि वेगळे तापवलेले दूध बारीक धारेने सोडायचे. एकदा दूध पडले की पातेले पुन्हा आचेवर चढवायचे नाही. आले आधी पाण्यात उकळायचे यालाही कारण आहे. कच्च्या आल्यात दूध फाडणारे एन्झाइम असते आणि ते उकळीने निकामी होते. दुधाची ती धार काळपट तांबड्या पाण्यात शिरते, तळाशी जाते, तिथून ढगाळ होऊन वर येते आणि दोन-चार क्षणांत सगळ्या पातेल्याला विटकरी रंग चढतो. तेव्हा चमचा बुडवून बाहेर काढायचा आणि त्याच्या पाठीवर बारीक कण दिसतात का ते पाहायचे. पाठ गुळगुळीत असली की चहा साधला. हे पाहण्यासाठी डोळे पातेल्यावरच लागतात, त्या वेळी मोबाइल हातात धरता येत नाही, आणि सकाळचा एवढा वेळ तरी मन एका जागी राहते.

गूळ म्हटल्यावर कोल्हापूरकराला गप्प बसवत नाही, तेव्हा थोडे विषयांतर. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती प्रामुख्याने गुळाच्या व्यापारासाठी, आणि कोल्हापुरी गुळाला आता भौगोलिक मानांकनही आहे. दिवाळीच्या पुढेमागे गुऱ्हाळे पेटतात. चुलवणात वाळलेली चिपाडे सारत राहायची, वर काहिलीत उसाचा रस रटरटत ठेवायचा, भेंडीचा चिकट रस घालून वर आलेली मळी काढून टाकायची, आणि गुळव्याने थेंबभर पाक गार पाण्यात सोडून त्याची गोळी वळते का ते बोटांनी पाहायचे. सगळ्या गुऱ्हाळाची भिस्त त्या दोन बोटांवर असते. बाजारात पिवळाधमक गूळ जास्त खपतो, पण तो रंग पुष्कळदा हायड्रोस नावाचे रंग उजळवणारे रसायन घालून आणलेला असतो, म्हणून मी काळपट तपकिरी गूळ मागते आणि दुकानदार दर वेळी "घरी खायला ना?" असे विचारतो. पाहुण्यांसाठी पिवळा आणि घरासाठी काळा, असा त्याचा हिशेब दिसतो.

आपला चहा इतका उकळावा लागतो आणि तो उकळलेलाच बरा लागतो, याचे कारण आपण वापरतो ती पूड. पाने चुरडून, फाडून, वळवून त्यांचे बारीक दाणे करणारे सीटीसी यंत्र आसामात 1930 च्या सुमारास आले, आणि त्या दाण्यांमुळे थोड्या पुडीत पुष्कळ रंग, पुष्कळ कडकपणा मिळू लागला. दार्जिलिंगची लांब पाने अशी उकळली तर कडू काढा होतो. त्यांच्यावर गरम पाणी ओतून तीन-चार मिनिटे झाकून ठेवायचे असते. सीटीसीच्या कडकपणाला दूध लागतेच, कारण दुधातली प्रथिने चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतात आणि जिभेवरचा तुरटपणा मऊ होतो. त्यातही कोल्हापूरच्या चहाला म्हशीचे दूध मिळते, ज्यात गाईच्या दुधापेक्षा दीडपट ते दुप्पट स्निग्धांश असतो. दुसऱ्या गावी गेल्यावर चहा पाणचट का लागतो, याचे उत्तर बहुतेक वेळा पुडीत नसून दुधात असते.

खरे तर हे गाव चहाचे होण्याआधी दुधाचे आहे. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी उभ्या असतात, लांबलचक शिंगांच्या पंढरपुरी म्हशी, आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ ग्लास हातात दिला जातो. तालमीत चहाला फारशी किंमत नाही. पैलवानाने दूध प्यावे, थंडाई प्यावी, चहा पिऊन भूक मारू नये असे वस्ताद सांगत आले आहेत. गंगावेशीतला माणूस तो ग्लास उभ्याउभ्या एका दमात संपवतो, मिशीचा फेस पुसतो आणि चालू लागतो. चहाचे तसे करता येत नाही. तो पोळतो, म्हणून थांबावे लागते. बशीत ओता, फुंकर घाला, काही केले तरी दहा-पंधरा मिनिटे त्या जागी आणि त्या माणसांत राहावे लागते. माझ्या मते चहाचे सगळे सामाजिक सामर्थ्य त्याच्या या पोळण्यात आहे, आणि ते कोल्हापुराइतके दुसऱ्या कुठल्या गावाने पाहिले असेल असे मला वाटत नाही.

शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या परिसरात चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग करून पाहिले होते. आज तिथे चहाचे मळे नाहीत. पण महाराजांचा चहाशी असलेला दुसरा संबंध कोल्हापूर अजून विसरलेले नाही. राजवाड्याच्या पागेत नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांनी सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज तेव्हा परगावी होते. परतल्यावर गंगारामांनी त्यांच्यापुढे गाऱ्हाणे घातले, मारणाऱ्यांना शिक्षा झाली आणि गंगारामांना महाराजांनी स्वतंत्र धंदा काढण्यासाठी पैसे दिले. त्या पैशांतून भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल निघाले. त्याचे नाव होते 'सत्यसुधारक'. हॉटेल स्वच्छ होते, चहा चांगला होता, पण महार माणसाच्या हातचा चहा प्यायला कोणी येईना. मग महाराज फेरफटक्याला निघाले की त्यांची गाडी त्या हॉटेलाशी थांबू लागली. स्वतः चहा मागवायचे, बरोबरच्या ब्राह्मण, मराठा मंडळींनाही मागवायचे, आणि राजाने हातात दिलेला कप परत करण्याची कोणाची छाती नव्हती.

या गोष्टीत पैसे आणि सत्ता दोन्ही आहेत, पण मला त्यात सगळ्यांत मोलाचे वाटते ते महाराजांचे तिथे थांबणे. हुकूम काढणे त्यांना अवघड नव्हते. 1919 मध्ये त्यांनी शाळा, दवाखाने, पाणवठे इथली शिवाशिव बंद करणारे हुकूम काढलेही. हुकुमावर सही करायला क्षणभर पुरतो. गरम चहाला मात्र वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, छत्रपती गंगाराम कांबळ्यांच्या दारात घालवत होते. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला पुन्हा पुन्हा वळून पाहण्याइतका तो वेळ होता. त्याआधी 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये पुढे केलेल्या चहाने केवढा गहजब झाला होता, हे आठवले म्हणजे या थांबण्याचे वजन कळते. तिथे गेलेल्यांत टिळक आणि रानडे होते, हजर असलेल्यांची नावे छापून आली, ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभे राहिले आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. एका कपाने बाटणारी माणसे होती आणि दुसऱ्या कपाने त्याच समजुतीला धक्का देणारा राजा होता. दोन्हींमध्ये तीस वर्षांच्या आसपासचेच अंतर आहे.

आजोळची एक दिवळी मला अजून दिसते. घर राधानगरी रस्त्यावरच्या एका गावात होते, ओसरी शेणाने सारवलेली, आणि बाहेरच्या भिंतीत, घरातल्या कोणाचा हात सहसा जाणार नाही अशा उंचीवर ती दिवळी होती. तिच्यात एक कप उपडा घातलेला असे. त्याला कान नव्हता, बशी नव्हती, निळ्या फुलांची नक्षी निम्मी उडालेली होती. शेतावर कामाला येणारा एक म्हातारा तो कप स्वतः उतरवून घेई, अंगणात उकिडवा बसे, आजी वरून, कपाला पातेले लागणार नाही अशा बेताने चहा ओते, आणि प्यायल्यावर तो कप विसळून परत तिथेच उपडा घाले. तो फार सावकाश प्यायचा. आज कोणी सावकाश चहा पिण्याचे वर्णन करू लागले की मला त्याचे ते सावकाश पिणे आठवते, आणि ते कशामुळे होते हे विचारावेसे वाटते. दिवसभरात तेवढीच एक बसायची वेळ त्याला मिळत असणार. आजी प्रेमळ होती, त्याच्या नातवंडांची चौकशी करायची, सणाला पोळी बांधून द्यायची. दिवळीतला कप मात्र तिच्या हयातीत तिथून हलला नाही.

घरातल्या घरातही बसण्याची एक उतरंड असतेच. लग्न होऊन मी मंगळवार पेठेतल्या घरी आले तेव्हा सकाळी चार वेळा चहा होई. सासऱ्यांचा पहाटेचा, मग सगळ्यांचा, मग आंघोळीनंतरचा, आणि आल्यागेल्याचा तो वेगळा. पुरुष मंडळी पेपर वाचत, बशीत ओतून, एकमेकांशी बोलत तो पीत असत आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते घर फार निवांत वाटत असणार. सासूबाई आणि मी आपापला चहा ओट्याच्या कडेला ठेवून देत असू. एका हाताने भाकरी थापायची, मध्येच एक घोट घ्यायचा, दूध उतू जाते आहे का ते पाहायचे. शेवटचा घोट गार झालेला असायचा आणि त्यावर साय धरलेली असायची. ती साय बोटाने काढून टाकण्याची लकब आम्हा दोघींची अगदी सारखी आहे, हे पुढे माझ्या मुलीने दाखवून दिले तेव्हा आम्ही हसलो. बँकेतही फारसे वेगळे नव्हते. काउंटरवर अकराचा चहा एका हाताने नोटा मोजतच संपवायचा असे. पण तिथे निदान तो दुसऱ्याने केलेला असायचा.

चहाची टपरी ही तर सरळसरळ पुरुषांची बैठक. बिंदू चौकात, पापाच्या तिकटीला, मिरजकर तिकटीला, जिथे चार माणसे थांबतात तिथे टपरी असते आणि तिथे फुटबॉलपासून महापालिकेपर्यंत सगळ्याचा निकाल लागतो. पावसाळ्यात तर टपरीवर पहिला प्रश्न "पाणी किती फुटांवर आलं?" हा असतो, आणि पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. या चर्चेत मी अनेक वर्षे फक्त रस्त्याने जाता जाता कानावर पडेल तेवढाच भाग घेतला. बाईमाणसाने टपरीवर उभे राहायचे नाही असे कोणी सांगितले नव्हते. सांगायची गरजच पडत नव्हती. आता राजारामपुरीत, ताराबाई पार्कात नव्या धाटणीची कॉफीची दुकाने झाली आहेत, तिथे कॉलेजातल्या मुली एक कप कॉफी घेऊन दोन-दोन तास लॅपटॉपवर काम करतात, आणि वडीलधारी मंडळी "एका कॉफीला एवढे पैसे आणि एवढा वेळ!" असे म्हणून नाके मुरडतात. कॉफी महाग असते, हे खरेच आहे आणि बऱ्याच ठिकाणी ती तेवढ्या पैशांची नसतेही. पण एकटी मुलगी भर वस्तीत खुर्ची ओढून बसते, कोणाची वाट पाहत नाही, कोणाला काही सांगत नाही, हे पाहण्यासाठी मी त्या किमतीतला थोडा भाग आनंदाने देईन. आमच्या वेळी आम्हाला एवढे बसायचे असेल तर अंबाबाईच्या देवळात जावे लागे.

2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात आम्हाला सक्तीचा निवांतपणा मिळाला, तो कसा असतो हेही सांगून टाकते. पाणी 55 फुटांच्या वर गेले, महामार्ग बंद पडला, दूध आणि इंधन मिळेनासे झाले. आमच्या गल्लीत पाणी आले नाही, पण बाहेर जायला वाटही नव्हती. शेजारपाजारची, नात्यातली माणसे राहायला आलेली होती, घरात कोणालाच काही काम नव्हते, आणि दिवसभर कोरा चहा होत होता, परसातल्या गवती चहाची पाती आणि गूळ घालून. इतका वेळ आम्ही एकत्र आधी कधी बसलो नव्हतो. पण कान सगळे फोनकडे लागलेले होते. कोणाची म्हैस दावणीला राहिली होती, कोणाचा म्हातारा माळ्यावर अडकला होता. संथपणाचे गुण गाणाऱ्यांना त्या दिवसांतला आमचा एखादा कप पाजायला हवा होता. वेळ आहे म्हणून स्वस्थता येते असे नाही, हे त्या आठवड्यात घरातल्या लहान पोरांनाही कळले.

आमच्या घरातला बदल त्यानंतर, मी नोकरीतून निवृत्त झाल्यावर घडला आणि तो फार गाजावाजा न होता घडला. दुपारी चारचा चहा आमचे हे करतील असे ठरले. सुरुवातीला ते ओट्यावरून "आलं कुठं आहे?", "गाळणी कुठली घेऊ?", "किती चमचे?" असे विचारत राहायचे आणि त्या विचारण्यामुळे मला उठावेच लागायचे. मग मी गच्चीवर जाऊन बसू लागले. प्रश्न बंद झाले आणि चहा यायला लागला. आता ते चहाच्या बाबतीत माझ्याहून चिकित्सक झाले आहेत. आले किसायचे की ठेचायचे यावर त्यांचे ठाम मत आहे, आणि पाहुण्यांना ते "हा आमच्या पद्धतीचा" असे सांगतात. पद्धत माझ्या सासूबाईंची आहे. मी काही बोलत नाही, कारण बसून, गरम असताना, दोन्ही हात मोकळे ठेवून चहा प्यायला मिळतो, आणि त्यासाठी एवढे श्रेय सोडायला माझी हरकत नाही.

कॉफी मात्र माझी एकटीची. माझी भाची हुबळीला दिली आहे, तिने पितळी फिल्टर आणून दिला आणि बरोबर चिकोरी घातलेली पूडही. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक भोके असतात, त्यात पूड घालायची, दांडीच्या चकतीने ती हलकेच दाबायची आणि उकळी शमलेले पाणी गोल फिरवत ओतायचे. चकती जोरात दाबली तर पाणी खाली उतरतच नाही, आणि पूड सैल राहिली तर पाणी भरकन निघून जाऊन डिकॉक्शन, म्हणजे खाली गळणारा कॉफीचा अर्क, पातळ येते. नीट जमले तर थेंब थेंब गळायला वीस मिनिटे सहज लागतात, आणि त्या वेळात करण्यासारखे काहीच नसते. चिकोरी म्हणजे एका झाडाचे भाजून दळलेले मूळ. तिच्यात कॅफिन नसते, पण ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे डिकॉक्शनला दाटपणा आणि गडद रंग येतो. कॉफीचे जाणकार तिला नावे ठेवतात. मला ती थोडी आवडते. भाचीने एकदा नुसत्या पीबेरीची पूडही आणली होती. कॉफीच्या फळात एरवी दोन चपट्या बिया असतात, कधी एकच गोल बी धरते, तीच पीबेरी, आणि तिची चव मला जरा अधिक गोडसर वाटली.

या कॉफीचे गाव आपल्यापासून फार लांब नाही. बाबा बुदन नावाच्या सूफी फकिराने सतराव्या शतकात येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात रुजवल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगराला आजही त्यांचेच नाव आहे. देशातली बहुतांश कॉफी कर्नाटकातच पिकते, उंच झाडांच्या सावलीत, त्या झाडांवर मिरीचे वेल चढवून. कोल्हापुराजवळून जाणारा महामार्ग बेळगाव, धारवाड, हुबळी असा त्याच मुलखाच्या दिशेने उतरतो, आणि तरी आम्ही चहावालेच राहिलो, याचे मला नवल वाटते. कॉफी मी तीनच्या सुमारास घेते, त्यापुढे घेत नाही. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात आणि माझ्या वयाला झोप तशीही पातळच असते. त्या अर्ध्या तासात मला कोणी हाक मारलेली आवडत नाही. चहाला माणूस लागते. कॉफीला ते असले तर तिचा वास निम्माच लागतो, असे माझे मत आहे आणि ते घरात कोणाला पटत नाही.

सासूबाईंना ही फिल्टरची कॉफी चालत नाही. त्यांची कॉफी म्हणजे भरपूर दूध, साखर, चिमूटभर पूड आणि सहाणेवर उगाळलेले जायफळ. उपासाला हीच, आजारपणात हीच आणि कोणी रात्री उशिरा मुक्कामाला आले तरी हीच. कॉफीने झोप उडते आणि जायफळाने येते, तेव्हा हिशेब चुकता होतो असे त्या म्हणतात. आता त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे, गुडघे धरलेले आहेत, म्हणून संध्याकाळची ही कॉफी मी करते आणि त्यांच्या खुर्चीशी नेऊन देते. त्या एक घोट घेतात, "जायफळ जास्त झालंय" असे सांगतात, आणि कप निम्मा असतानाच खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठू लागतात, कारण पातेले तसेच मोरीत पडलेले त्यांना दिसते. "आई, बसा की, पातेलं कुठं पळून जात नाही," असे मी म्हणते. "तुला बसायला आता जमायला लागलंय, मला कुठलं जमायला ह्या वयात," असे त्या म्हणतात आणि उठतात. परवापासून मी पातेले आधीच घासून फळीवर उपडे घालते आणि मगच कॉफी नेते. काल त्यांना ते कळले, आणि आता त्या कपच विसळायला म्हणून उठतात.